कालव्यावरचा बंगला

कोऱ्हाळ्याहून नीरा डाव्या कालव्याच्या भरावानं चालत निघालं, की तास-दीड तासात साहेबाचा बंगला लागायचा. सरकारी कागदावर तो निरीक्षण बंगला. पाटबंधारे खात्याचे अधिकारी फिरतीवर आले की उतरायची जागा. पण आमच्या भागात त्याला कुणी निरीक्षण बंगला म्हटल्याचं मला आठवत नाही. बायाबापड्या तर त्याचं नावसुद्धा घ्यायच्या नाहीत. ‘त्या तिकडं’ एवढंच म्हणायच्या आणि समोरच्याला कळायचं.

उंच दगडी जोतं, मंगलोरी कौलं, चारी बाजूंनी रुंद व्हरांडा. आत दोन मोठ्या खोल्या. आढ्याला लोखंडी कड्या होत्या, त्यांना पूर्वी दोरीनं ओढायचा पंखा टांगलेला असे. लांब हातांची एक वेताची खुर्ची होती, तिच्यावर साहेब पाय पसरून बसायचा म्हणे. बाहेर दोन जुने निंब आणि एक चिंच. दिवसा बघितलं तर भिण्यासारखं काही नव्हतं. पण रात्री दारं धरायला गेलेला माणूससुद्धा बंगल्यासमोरून जायचं टाळून खालच्या चारीनं वळसा घालून जायचा.

गोष्ट मी आज्जीच्या तोंडून ऐकली. तिनं ती तिच्या आज्जीकडून ऐकलेली. ती सांगायची, “रातीला बाराच्या ठोक्याला गोरा सायब घोड्यावरनं येतो. व्हरांड्यात टेबल टाकतो, कंदील लावतो आन् हजेरी घ्यायला बसतो. येकेक नाव पुकारतो. ज्याचं नाव निघंल त्यानं ‘हजर’ म्हनलं, की त्यो गेला. पुन्यांदा दिसायचा न्हाय.”

मग आवाज बारीक करून ती शेवटचं सांगायची. “रातचं कुनी हाक मारली तर लगी ओ द्यायचा न्हाय. मानूस आसंल तर तीनदा हाक मारील. भुताला तिसरी हाक मारता येत न्हाय.”

आम्ही पोरं तिच्या मांडीला मांडी लावून बसायचो. तिसऱ्या हाकेचा नियम मी पाढ्यासारखा पाठ केला होता. तो नियम कधी उपयोगाला येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. जुन्या अकरावीची परीक्षा दिलेली. आमचा मुलूख कालव्यानं दोन भागांत वाटलेला आहे. कालव्याच्या खालच्या अंगाला नीरा नदीपर्यंत बागायत, वरच्या अंगाला लोणी भापकर, मोरगाव, सुप्याकडं जिराईत. खालच्यांना निदान विहिरीत ओलावा तरी होता. वरच्यांचे हाल कुत्रं खात नव्हतं. खरीप गेलं, रब्बी गेली, जनावरं कवडीमोलानं विकली गेली. माणसं दुष्काळी कामावर आली. कुठं पाझर तलाव, कुठं नालाबांध, कुठं रस्ता, कुठं नुसतीच खडी फोडायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची. तिची भाकरी थापताना मोडायची. पोरांना सुकडी वाटायचे. त्या पिढीच्या माणसाला सुकडी म्हटलं की आजही तिचा वास येतो.

मला अशाच एका कामावर हजेरी कारकून म्हणून घेतलं. मस्टरवर नावं लिहायची, सकाळ-दुपार हजेरी मांडायची, जो आला नाही त्याचा खाडा लावायचा. अक्षर चांगलं, म्हणून ही नोकरी. उन्हात टिकाव मारणारी माझ्या आईच्या वयाची बाई मला ‘दादा’ म्हणायची आणि मला त्यात मोठेपणा वाटायचा.

वैशाखातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी मापं धरून हिशेब वर द्यायचा होता आणि मस्टरच्या बेरजा जुळत नव्हत्या. ओव्हरसियर म्हणाले, “बंगल्यावर जा. तिथं टेबल आहे, कंदील आहे. रात्री बसून पुरं कर, सकाळी मी येतो.” माझ्या चेहऱ्याकडं बघून ते हसले. “शिकलेला ना तू?” शिकलेला म्हटल्यावर नाही म्हणायची सोय उरली नाही. दोन मस्टर पिशवीत घातली, सायकल काढली आणि दिवस मावळायच्या आत बंगल्यावर पोचलो.

चौकीदार तात्यांनी घागरभर पाणी ठेवलं, कंदिलाची काच पुसून दिली. तेल अर्धंच होतं. मग त्यांनी काठी उचलली. ते रात्री तिथं राहत नसत, वस्तीवर जात. पायऱ्या उतरताना म्हणाले, “बाळा, कडी आतनं लाव. आन् कुनी हाका मारल्या तर…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला ते आज्जीकडून पुरं माहीत होतं.

सायकल आत घेतली, कडी लावली, बेरजा करायला बसलो. कालवा कोरडा होता. एरवी पाणी वाहत असलं की त्याचा एक सारखा आवाज सोबतीला असतो. तो नव्हता म्हणून बाकीचे सगळे आवाज मोठे झाले होते. कौलांवरून काहीतरी खुडबुडत गेलं. व्हरांड्यात वाळलेली पानं सरपटायची आणि थांबायची, जणू कुणी पाय ओढत चाललंय. मी नावं मोठ्यानं वाचायला लागलो, भीती जावी म्हणून. दहा-बारा नावं वाचली आणि एकदम लक्षात आलं, की या बंगल्यात, रात्री, कंदील लावून, मी हजेरी पुकारतोय. तोंड आपोआप बंद झालं.

किती वाजले होते सांगता येत नाही, घड्याळ नव्हतं. कंदील बारीक करून मी पथारीवर आडवा झालो होतो. बाहेरून, निंबाच्या बाजूनं, बाईचा बारीक आवाज आला. “हजेरी…” पुढचं वाऱ्यानं नेलं.

अंगावर काटा आला म्हणतात तो तसा येतो, हे मला त्या दिवशी कळलं. थोडा वेळ गेला. पुन्हा तोच आवाज, जरा जवळून. “हजेरी…”

दोन झाल्या. मी चादर डोक्यावरून घेतली आणि तिसरी हाक येते का ते ऐकत पडलो. देवाचं नावसुद्धा तोंडात येईना. तिसरी हाक आली नाही. पानं वाजली, लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं, आणि मग उजाडेपर्यंत काही नाही. पहाटे मला मोठं समाधान वाटलं. आज्जीचा नियम खरा ठरला होता आणि मी वाचलो होतो.

सकाळी कामावर गेलो. गँगचा मुकादम पहिल्यांदा माझ्या सायकलीकडं बघत म्हणाला, “रातीला तुमी बंगल्यावरच व्हता न्हवं? त्या कोपीतली बाई तुमच्याकडं आलती. पोराला हगवण लागली, डोळं फिरवायला लागलं. घरधनी गावाला गेलेला. म्हनली, हजेरीवाल्या दादाकडं सायकल हाय, दवाखान्यात नेत्याल.”

हजेरीवाले दादा. तिनं एवढंच म्हटलं होतं. मला अर्धंच ऐकू आलं होतं आणि उरलेलं अर्धं आज्जीच्या गोष्टीनं भरून घेतलं होतं.

ती आणि तिची सासू पोराला आळीपाळीनं कडेवर घेऊन कोरड्या कालव्याच्या कडेनं चालत सरकारी दवाखान्यात गेल्या होत्या. पोरगं वाचलं. हे आधीच सांगतो, कारण वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. दोन दिवसांनी ती कामावर परत आली. त्या दोन दिवसांचे दोन खाडे तिच्या नावापुढं माझ्याच अक्षरात होते. नियमाप्रमाणं ते बरोबरच होते.

पगारवाटपाच्या दिवशी शाईचा पॅड माझ्या हातात होता. तिनं अंगठा उमटवला, लुगड्याला पुसला आणि म्हणाली, “दादा, त्या राती तुमी आत व्हता का वो?”

“होतो. झोप लागली होती,” मी म्हणालो.

“व्हय. म्या दोन हाका मारल्या. त्या बंगल्याचं मलाबी भ्या वाटत व्हतं. तिसरी काय तोंडातनं फुटली न्हाय. मनलं, आत मानूस न्हाई.”

ती चिडून बोलली नाही. साधं सांगितलं आणि पैसे कनवटीला लावून निघून गेली. तिच्यापाशी खरं बोलायला मला पुढं संधी मिळाली नाही. पावसाळा लागला, कामं बंद झाली, माणसं आपापल्या गावी पांगली.

पुढं मी शाळेत मास्तर झालो. इतिहास शिकवायचो. पुण्याला गेलो की ग्रंथालयात बसायचो, आणि का कोण जाणे, हात नेहमी जुन्या दुष्काळाच्या पुस्तकांकडं जायचा. आज्जीच्या गोष्टीतला साहेब मला तिथं भेटला. घोड्यावर बसलेला नव्हे, कागदावर.

१८७६ साली पावसानं दगा दिला. दख्खनचा शेतकरी आधीच कर्जात बुडालेला. आदल्याच वर्षी, १२ मे १८७५ ला, आमच्या शेजारच्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. त्यावर हा दुष्काळ कोसळला. सरकारनं कामं काढली. आमच्या तालुक्यातला शिरसुफळचा तलाव आणि इंदापूर तालुक्यातला भादलवाडीचा तलाव ही त्याच काळातली कामं. त्या तलावांच्या भरावावर आपण आज मोटारीनं जातो. तो भराव डोक्यावरच्या पाट्यांनी वाहिलेला आहे.

१८७७ च्या सुरुवातीला व्हाइसरॉय लिटननं सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात पाठवलं. खर्च कमी करायचा होता. टेंपलनं हिशेब मांडला, की दिवसभर काम करणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि वर एक आणा पुरेसा आहे. बायकांना त्याहून कमी. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला उघड विरोध केला. इतक्या धान्यावर कष्टाचं काम करणारा माणूस जगत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या मुंबई इलाख्यात तर मजुरांनीच उत्तर दिलं. हजारो माणसं काम सोडून निघून गेली. पोटात अन्न नसताना केलेला तो संप होता. पुण्याची सार्वजनिक सभा, गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडं अर्ज पाठवले. टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. या दुष्काळात हिंदुस्थानात मेलेल्यांचा आकडा पन्नास लाखांच्या वर धरतात.

त्या वेळी ज्याचं नाव हजेरीत, त्याला धान्य. आणि धान्य एवढं कमी, की ‘हजर’ म्हणणारा माणूस रोज थोडा थोडा संपत जायचा. आज्जीच्या आज्जीनं सांगितलेलं मला तेव्हा कळलं. नाव पुकारलं, ‘हजर’ म्हटलं, की तो गेला. म्हातारीनं भुताची म्हणून जी गोष्ट सांगितली, ती तिच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेली होती.

इथं एक तारीख सरळ करायला हवी. नीरा डावा कालवा त्या दुष्काळानंतरचा. पुन्हा अशी वेळ आली तर बारामती-इंदापूरच्या अवर्षणी पट्ट्याला आधार हवा, म्हणून तो काढला. वीरच्या बंधाऱ्यातून निघून इंदापूरपर्यंत जाणारा, शंभर मैलांच्या आसपास लांबीचा. १८८५ च्या सुमारास त्यात पाणी सुटलं. त्याला पाणी पुरवण्यासाठी भाटघरला धरण बांधलं, त्याच्या जलाशयाला व्हाइटिंग नावाच्या इंजिनिअरचं नाव दिलं. पुढं त्याच्याखाली मोठं लॉइड धरण आलं. बंगला झाला तो कालवा राखायला. घोड्यावरून भरावाची पाहणी करत यायचं, रात्री मुक्काम करायचा, सकाळी पुढच्या बंगल्याकडं. विश्वेश्वरय्यांनी पाणीवाटपाची जी ब्लॉक पद्धत मांडली ती याच कालव्यावर रुजली. त्या पाण्यावर ऊस आला, गुऱ्हाळं आली, पुढं साखर कारखाने आले. माझ्या घराची चूलसुद्धा त्याच पाण्यावर पेटली. तेव्हा सगळा दोष साहेबाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

म्हणजे १८७७ ची हजेरी या व्हरांड्यात झालेलीच नाही. तेव्हा व्हरांडाच नव्हता. पण पुढं १८९६-९७ ला दुष्काळ पडला, १८९९-१९०० ला पडला, पुन्हा कामं निघाली, पुन्हा मस्टर आलं. लोकांच्या मनात सगळ्या हजेऱ्या एक झाल्या आणि साहेबाचं घर म्हणून डोळ्यासमोर जो बंगला होता, त्याच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. भूत तारखा पाळत नाही.

बंगल्यातल्या भुतांच्या गोष्टी काही एकट्या आमच्या नाहीत. राजस्थानात कोट्याला ब्रिजराज भवन आहे, पूर्वीची रेसिडेन्सी, पुढं त्याचं हॉटेल झालं. १८५७ साली तिथं मेजर बर्टन आणि त्याची दोन मुलं मारली गेली. बर्टनचं भूत रात्री फिरतं आणि डुलक्या घेणाऱ्या पहारेकऱ्याला चापट मारतं म्हणतात. किपलिंगनं १८८८ च्या आपल्या कथासंग्रहात डाक बंगल्यातली एक रात्र लिहिली आहे. शेजारच्या रिकाम्या खोलीत बिलियर्डचा डाव चालल्याचे आवाज येतात आणि सकाळी कळतं, की उंदीर आणि खिडकीचा सैल दांडा. वाचून मला आमच्या कौलांवरची खुडबूड आठवली आणि हसू आलं.

पण हे वाचताना एक गोष्ट टोचली. या सगळ्या बंगल्यांमधलं भूत साहेबाचंच असतं. त्याला नाव असतं, हुद्दा असतं, घोडा असतो. ज्यांनी दगड वाहिले, ज्यांची पोरं भरावाच्या कडेला गेली, त्यांचं भूत कुठं दिसत नाही. त्यांची नावं फक्त मस्टरवर होती, आणि मस्टरचं आयुष्य हिशेब तपासून होईपर्यंत. नंतर ती रद्दी. आमच्या आज्जीच्या गोष्टीतही साहेब घोड्यावर दिसतो, पण तो कुणाची नावं पुकारतो हे ती सांगत नव्हती. नावं तिच्या आज्जीपाशीच संपली असणार.

मीही तेच केलं. त्या बाईचं नाव मी दोन महिने रोज लिहिलं असेल. आज विचाराल तर आठवत नाही. तिचा अंगठा आठवतो, भेगा पडलेला, शाई नीट न उमटणारा.

१९७२ ला १८७७ सारखे बळी गेले नाहीत, हे खरं आहे आणि ते लहान नाही. काम मागणाऱ्याला काम द्यायचं, हे वि. स. पागे यांच्यासारख्यांनी लावून धरलं. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कामांवर आमच्यासारख्या पोरांनीही उन्हातान्हात राबून हजेऱ्या मांडल्या. पण कायदा झाला तरी रात्री दार उघडायचं काम शेवटी आतल्या माणसाचं असतं. साहेबाच्या जागी मी बसलो होतो, कंदील माझा होता, मस्टर माझं होतं. आणि बाहेरच्या बाईला आत माणूस नाही असं वाटलं, तर ती काही खोटं बोलली नव्हती. त्या रात्री बंगल्यात भूत असलंच, तर ते चादर घेऊन आत पडलं होतं.

आता कालव्याच्या कडेनं डांबरी रस्ता झालाय. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले, की बीड-नगरकडून ऊसतोड मजूर येतात. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर त्यांच्या कोप्या पडतात. त्यांच्यातल्या बायाही रात्री-बेरात्री येतात. कुणाचं पोर तापानं फणफणलेलं असतं, कुणी अडलेली असते, कुणाला बैलानं मारलेलं असतं. सून सुरुवातीला म्हणायची, “दादा, रात्री असं लगेच दार उघडू नये. कोण आहे ते आधी बघावं.” तिचंही चूक नाही, दिवस तसेच आहेत.

पण ओटीवरचा दिवा मी रात्रभर चालू ठेवतो. वयानं झोप तशीही कमी झाली आहे. बाहेरून हाक आली, की पहिल्याच हाकेला मी ओ देतो.